ह्यात सटवा कोण झालाय?

ट्रंकेतून मी लाल लुगडं बाहेर काढलं, तेव्हा हे दाराच्या बिजागरीला तेल घालत बसले होते. स्वतःच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी. बाहेर मांडववाला खुर्च्या टाकत होता, आमच्या थोरल्यानं, दिगंबरनं भाड्यानं आणलेला माईक कोकलत होता, आणि उत्सवमूर्ती नव्या धोतरावर तेलाचे डाग पाडत होती. मी डोळे वटारले तर म्हणाले, कुरकुरतंय. जन्मभर रेल्वेचं फाटक उघडलं-लावलं त्या माणसानं. कुरकुरणारं काही त्यांना सोसायचं नाही. बायको सोडून.

आज हे नाहीत. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या कुरकुरतात आणि मी त्यांना तेल घालू देत नाही. कुरकुरलं की वाटतं, आता उठतील.

सहस्रचंद्र वगैरे आमच्या घराण्यात कुणी कधी केलं नव्हतं. दिगंबरच्या कॉलनीत शेजारच्यांनी वडलांचं केलं, मग आपण का मागं राहायचं, म्हणून हा घाट. हे म्हणाले होते, "चंद्र मी रोज बघितलाय, मालगाडीची वाट बघताना. त्याला जेवणावळ कशाला?" पण पोराचं मन मोडवेना, म्हणून तयार झाले. एकच गोष्ट मागितली.

"धुरपाला निरोप धाडला का गं?"

"धाडला की," मी म्हणाले.

धाडला नव्हता. का नव्हता ते सांगते, पण आधी लुगड्याचं.

हिवऱ्याच्या फाटकावर आमची दोन खोल्यांची कोठी होती. आजूबाजूला माळ, बाभळी आणि दिवसातून चार गाड्या. शेजार म्हणून गावाबाहेरच्या वस्तीवर सटवा आणि त्याची बायको धुरपा. अशा जागी तीन पोरं वाढवायची म्हणजे गोष्टींवाचून गत नाही. मी गोष्टी सांगायची. माझ्या गोष्टीत आमच्या आडातनं मगर निघायची आणि दळण मागायची. पण पोरांना सगळ्यांत लाडकी होती ती यांची गोष्ट: रूळ तुटला होता, गाडी भरधाव येत होती, मी कुंपणावरचं माझं लाल लुगडं ओढून यांच्या हातात दिलं आणि हे ते फडकवत गाडीपुढं धावत गेले. गाडी यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबली. आधी ती साधी मालगाडी होती. गोष्ट लोणच्यासारखी मुरू द्यावी लागते. मुरता मुरता मालगाडीची पॅसेंजर झाली, पॅसेंजरीत वऱ्हाड बसलं, वऱ्हाडात दिवस भरलेली एक बाई आली. नातवंडांपर्यंत पोचेस्तोवर त्या बाईला गाडीतच जुळं झालं होतं आणि त्यातल्या एकाचं नाव यांच्यावरून केरबा ठेवलं होतं.

मी गोष्ट सुरू केली की हे उठायचे. "सिग्नल बघून येतो," म्हणायचे. नोकरीत होते तोवर ठीक होतं. निवृत्तीनंतर दिगंबरकडं राहायला आलो, तिथं सिग्नल कुठला? तरी उठायचे, बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. मी म्हणायची, लाजतात. पोरंही म्हणायची, आजोबा लाजतात.

एकदाच, फार पूर्वी, पोरं झोपल्यावर मला म्हणाले होते, "त्यात सटवाला घाल गं."

"घालते," मी म्हणाले. पण गोष्टीत जागा कुठं होती? दोन माणसं धावायला लागली की ऐकणाऱ्याचं लक्ष फुटतं. आणि पोरांना हवा असतो बाप. सटवा नाही.

तर त्या दिवशी सकाळी मी लुगडं काढलं ते नातवंडांसाठी. तेजस आणि मृणाल महिनाभर एक नाटुकलं बसवत होते. कॉलनीतली पोरं गोळा केली होती. कुठलं नाटुकलं ते सांगायला नकोच. तेजस आजोबा, मृणाल आजी, आणि लुगडं खरं, "त्याच दिवसाचं". मीच सांगितलं होतं तसं. ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलंय, असं.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की रुळावर कोण धावलं होतं. सटवा. रोज रुळावरून चालत जाऊन ढिल्या झालेल्या चाव्या हातोड्यानं ठोकायचं त्याचं काम, त्याला सगळे चावीवाला म्हणत. त्या दिवशी त्याची सुटी होती, तो बाजार करून आडवाटेनं घरी चालला होता, आमच्या कोठीच्या मागं त्याला तुटलेला रूळ दिसला. फाटकाची खोली, झेंडे, सगळं एका अंगाला. गाडी यायची दुसऱ्या अंगानं. बाजाराची पिशवी तिथंच टाकून तो धावत सुटला. सटवा पुढं काही वर्षांनी पोटाच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. धुरपा तिकडंच राहिली.

म्हणून मी निरोप धाडला नव्हता. ती मांडवात बसली आणि नाटुकलं झालं, तर? बरं, नाटुकलं बंद करा म्हणावं, तर का म्हणून सांगू? नातवंडांच्या तोंडावर सांगू, की आजी चाळीस वर्षं थापा मारतेय? मगरीची थाप निराळी. ती थाप आहे हे मगरीलासुद्धा माहीत असतं.

आणि अकराच्या सुमाराला, औक्षणाची तबकं लावून होत होती तेवढ्यात, कॉलनीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. आतून धुरपा उतरली. वाळून खारीक झालेली, पांढरं स्वच्छ पातळ, हातात कापडी पिशवी. हे बसल्या जागचे उठले, तिच्यापर्यंत चालत गेले आणि पिशवी घेतली. माझ्याजवळून जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीच फोन लावला होता. गावातल्या दुकानात." यांना बायको ठाऊक होती.

धुरपानं माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, "सुटलीस की गं अनसाबाई. लेकाच्या घरचं गोड लागतंय वाटतं." तिला मी मागं, पंख्याजवळ बसवायला निघाले होते. दिगंबर धावत आला, आजी पुढं बसा, बाबांच्या पाहुण्या तुम्ही, म्हणून त्यानं तिला पहिल्या रांगेत बसवलं. माझ्या शेजारी.

मी मृणालला मागच्या खोलीत गाठलं. ती मिशा काढायचा कोळसा उगाळत होती. म्हटलं, बाळा, ते मगरीचं करा ना. ती म्हणाली, "आजी, मगरीला शेपूट कुठून आणू आता?" तेवढ्यात दिगंबर म्हणाला, आई, लुडबुड करू नकोस, महिनाभर खपलीत पोरं. खरं सांगायला तेवढा एकच क्षण होता. मी तो पदरानं घाम पुसण्यात घालवला.

औक्षण झालं, शाल झाली, अध्यक्ष म्हणून आणलेल्या निवृत्त हेडमास्तरांचं भाषण झालं. मग नाटुकलं. सहा पोरं एकमेकांची कंबर धरून झुकझुक करत आली. इंजिनाला सर्दी झाली होती, ते शिट्टीच्या जागी शिंकत होतं. मृणालनं दोरीवरचं लुगडं ओढलं आणि म्हणाली, "घ्या नाथ, माझ्या लुगड्याची पर्वा करू नका." सगळा मांडव हसला. मग तेजस मिशी सावरत धावला, लुगड्यात पाय अडकून पडला, उठला, पुन्हा धावला आणि गाडीपुढं छाती काढून उभा राहिला. गाडी थांबली. शेवटच्या डब्यातून एक पोरगी बाहुली घेऊन उतरली आणि तिनं बारशाची घोषणा केली. टाळ्या काही थांबेनात.

मी धुरपाकडं बघायचं टाळत होते. पण शेजारचं माणूस किती टाळणार? ती मान पुढं काढून बघत होती, जत्रेत हरवलेलं माणूस शोधावं तशी. एकेका पोराच्या तोंडावरनं तिची नजर फिरत होती. पोरं रांगेत उभी राहून नमस्कार करायला लागली तेव्हा तिनं मृणालला खुणेनं जवळ बोलावलं.

"लई ग्वाड केलं गं," ती म्हणाली. "पर ह्यात सटवा कोण झालाय?"

मृणाल माझ्याकडं बघून म्हणाली, "सटवा कोण?"

माईक जवळच होता. दोन्ही वाक्यं मांडवभर गेली.

धुरपानं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार गेलेली नाही.

मग हे उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. माईकपासून दोन हात लांब उभे राहून म्हणाले, "धावला तो सटवा. मी फाटक लावून उभा होतो."

एवढंच बोलून बसले. आणि मग हेडमास्तरांनी माईक ओढला, म्हणाले, "बघा मंडळी, याला म्हणतात मोठेपणा! स्वतःचं श्रेय सहकाऱ्याला देणारा माणूस आज दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही." मांडव उभा राहिला. टाळ्या. दिगंबरच्या डोळ्यांत पाणी. हे खाली मान घालून आपल्या धोतरावरचा तेलाचा डाग चोळत होते. मी बायको, मला त्यांचे कान दिसत होते. लालभडक. लाजतात, असं मी जन्मभर म्हणत आले होते. त्यांना लाज वाटत होती, आणि ती माझी होती, हे मला तेव्हा कळलं.

मग मलाच उठावं लागलं. माईक धरला. म्हटलं, हे खरं बोलतायत. सटवाच धावला. गाडी मालगाडी होती, तीत कोळसा होता. जुळं वगैरे काही झालं नाही. ती गोष्ट मी रचली.

मांडवात आधी खसखस पिकली, मग हसण्याचा फुगाच फुटला. "आजींनी नवी गोष्ट काढली," कुणीतरी म्हणालं. "आता मगर कधी येणार?" मागनं एकजण. कॉलनीला माझी मगर ठाऊक होती. मी म्हटलं, देवाशपथ. तर आणखी हसले, कारण मगरीच्या वेळीही मी देवाशपथ म्हणायची. दिगंबर माझ्या खांद्याला धरून, आई, बस आता, जेवणं थंड होतायत, असं म्हणाला. चाळीस वर्षांत एकदा खरं बोलले आणि त्याला चिंचेच्या पाल्याइतकीही किंमत आली नाही.

पंगती बसल्या. धुरपानं घासभर श्रीखंड खाल्लं, पुरी तशीच ठेवली, एसटी चुकेल म्हणाली. मी तिला मागच्या अंगणात हात धुवायला घेऊन गेले. तिथं दोरीवर ते लुगडं पोरांनी पुन्हा टाकून ठेवलं होतं. धुरपानं ओल्या हातानं त्याचा काठ धरला, अंगठ्यानं चाचपला, उलटा केला. काठाच्या आत एका जागी हिरव्या दोऱ्याची टीप होती. तिनं त्या टिपेवर बोट ठेवलं.

"हे तर माझं," ती म्हणाली.

तिचंच होतं. सटवानं माझं लुगडं गाडीपुढं फडकवलं तेव्हा ते इंजिनाच्या काहीतरी लोखंडात अडकलं, फाटलं, काजळीनं काळं झालं. त्यानं ते आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी घेतलं नाही. नवं कोरं होतं माझं, पाडव्याचं. दोन दिवस मी तोंडाचा पट्टा चालवला. तिसऱ्या दिवशी धुरपा आली आणि स्वतःचं लग्नातलं लाल लुगडं माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली. तिच्यापाशी तेवढं एकच चांगलं होतं. मी ते घेतलं. नेसलेसुद्धा. यांनी त्या दिवशी माझ्या हातचं जेवण घेतलं नाही. मला वाटलं, पोट बिघडलंय. माझं फाटकं तसंच पडून होतं, त्याच्या पुढं वाकळा झाल्या, आणि ट्रंकेत राहिलं ते हे.

"जपलंस मात्र," धुरपा म्हणाली. टोमणा होता की नाही, देव जाणे. तिला टोमणे मारता यायचे नाहीत, ते माझं खातं.

एवढ्यात तेजस आणि मृणाल मागच्या दारात येऊन उभे राहिले. तेजसची मिशी घामानं गालावर उतरली होती. त्यानं माझ्याकडं नाही, धुरपाकडं बघितलं.

"सटवाआजोबा खरंच धावले होते?"

"व्हय."

"मग कसे धावले? मी केलं तसे?"

धुरपानं त्याला खालून वर निरखला. म्हणाली, "छाती काढून न्हाई रं बाबा. त्याचा एक पाय आखूड. असा, ह्यो खांदा खाली टाकून पळायचा. बैल उधळल्यावानी." आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं पदर खोचला आणि अंगणातनं चार पावलं पळून दाखवली, एक खांदा पाडून, तोंड उघडं टाकून. सटवा! चाळीस वर्षांनी मला सटवा दिसला. तेजसनं तसंच करून बघितलं. "आनखी खाली," धुरपा म्हणाली. "आता आलं."

हे केव्हा आले कळलं नाही. जेवणाचा हात तसाच होता. तेजसनं विचारलं, आजोबा, तुम्ही कुठं होता? हे अंगणाच्या कडेला गेले, दोन्ही हात आडवे पसरले आणि उभे राहिले. म्हणाले, पलीकडं लग्नाच्या बैलगाड्या होत्या, फाटक उघड म्हणून शिव्या घालत होते, एकानं चाबूक उगारला. मी असा होतो. बस. तेजस म्हणाला, एवढंच? हे म्हणाले, एवढंच. मृणाल मात्र त्यांच्याकडं बघत राहिली. चाबकाचं मी कधी गोष्टीत घातलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना.

"आणि आजी?" मृणाल माझ्याकडं वळली. "तू लुगडं दिलंस ना?"

मी यांच्याकडं बघितलं. हे हात पसरून तसेच उभे. उत्तर दिलं धुरपानं, अगदी सहज.

"ती मागनं पळत होती. चोर चोर म्हनत. सटवा सांगायचा मला, म्हंजे हसायचा लई. पुढनं गाडी आन् मागनं अनसाबाई, म्हनायचा, आधी कुनाला थांबवू?"

पोरं माझ्याकडं बघत होती. गोष्ट ऐकताना बघतात तशी नाही.

"मग तू कर ना तुझं," तेजस म्हणाला. "आपण पुन्हा करू. खरं."

अंगणात पुन्हा खेळ झाला, बघणारी एकटी धुरपा. तिला मृणालनं पाटावर बसवलं. हे फाटक झाले. तेजसनं दोरीवरचं लुगडं ओढलं आणि खांदा पाडून पळाला, आणि मी, पायात कळ, कंबर धरलेली, नवं जरीचं पातळ नेसून त्याच्या मागं धावले. "अरे मेल्या चोरा! माझं लुगडं! हात झडले तुझे!" असंच म्हणाले होते मी. शब्द न् शब्द आठवत होता. म्हणताना जीभ भाजत होती आणि धुरपा हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. यांच्याकडं बघितलं तर फाटकाचे हात हलत होते. हेही हसत होते. ही गोष्ट चालू असताना ते उठून गेले नाहीत, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग तिची एसटीची वेळ झाली. दिगंबरनं नारळ आणि शाल द्यायला आणली, तिनं नारळ घेतला, शाल परत दिली. तेजसच्या खांद्यावरचं लुगडं तिनं काढून घेतलं, अंगणातच झटकलं, काठाला काठ लावून घडी घातली, आणि कुणाला न विचारता आपल्या पिशवीत ठेवलं. दिगंबर म्हणाला, "आई, ते तुझं..."

यांनी आधीच पुढं जाऊन कॉलनीचं फाटक उघडून धरलं होतं. सकाळीच तेल घातलेलं असणार, आवाज झाला नाही. धुरपा रिक्षात बसली. पिशवीच्या तोंडातून लाल काठ बोटभर बाहेर आला होता.

मी बघत उभी राहिले. या खेपेला ओरडले नाही.